विद्युतगतिकीत घाम कुठे गाळायचा?

धातूच्या पोकळ गोळ्याचे दोन अर्धे, मध्ये नावापुरती फट. वरच्या अर्ध्याला धन विभव (व्होल्टमध्ये मोजतात ते), खालच्याला तेवढंच ऋण. बाहेरच्या जागेतलं विभव काढा. पदव्युत्तर वर्गात विद्युतगतिकी, म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचा सिद्धांत, शिकलेल्या बहुतेकांनी हे गणित कधी ना कधी केलेलं असतं. एक विद्यार्थी ते नऊ पानांत सोडवून माझ्याकडे घेऊन आला. लेजांद्र बहुपदींची (गोलाकार मांडणीसाठी वापरतात त्या ठरावीक सूत्रांची) मालिका, एकापुढे एक सहगुणक: ३/२, मग उणे ७/८, मग ११/१६. सगळे बरोबर.

मी विचारलं, "गोळ्यापासून खूप लांब गेलास, तर विभव कसं कमी होत जातं?"

"अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, सर." हेही बरोबर.

"का?"

तो पानं उलटू लागला. "मालिकेतलं पहिलं पद तसं आहे म्हणून."

"पण पहिलं पदच तसं का?"

यावर तो गप्प झाला. खरं तर या प्रश्नाचं उत्तर पेन उचलायच्या आधीच हातात असतं. वरच्या अर्ध्यावर जितका धन प्रभार, तितकाच खालच्यावर ऋण. एकूण प्रभार शून्य, त्यामुळे अंतराच्या साध्या व्यस्त प्रमाणात उतरणारं पद असूच शकत नाही. लांबून बघणाऱ्याला तो गोळा एक द्विध्रुव, म्हणजे धन आणि ऋण प्रभारांची जवळजवळची जोडी, दिसतो, आणि द्विध्रुवाचं विभव अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच उतरतं. शिवाय गोळा उलटा केला की विभवाचं चिन्ह बदलतं, म्हणून मालिकेतली निम्मी पदं आपोआप गळतात. नऊ पानं लागली ती केवळ ३/२ हा आकडा मिळवायला.

दोष त्याचा नव्हता. मीही असाच शिकलो. त्या पेपरात मला उत्तम गुण होते, आणि तापलेल्या तारेत ऊर्जा नेमकी कुठून शिरते हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी चुकीचं उत्तर दिलं असतं, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

म्हणून या विषयाच्या अभ्यासक्रमाबद्दल जो वाद नेहमी होतो, त्यात मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. एक बाजू म्हणते, हा पेपर फार जड आहे, हलका करा, हवा त्याने घ्यावा. दुसरी म्हणते, आम्ही सोसलं तसं यांनीही सोसावं. माझं म्हणणं असं, की हा पेपर सक्तीचाच हवा आणि कठीणच हवा, पण आज त्यातला कठीणपणा भलत्या जागी नेऊन ठेवला आहे. विद्यार्थ्याचा घाम निघतो तो विशेष फलनांमध्ये, म्हणजे लेजांद्र, बेसेल यांच्या नावांच्या ठरावीक सूत्रांमध्ये, आणि कडेला काय दिलंय त्या सीमा-अटींमध्ये. निसर्गाने या विषयात जे खरोखर अवघड करून ठेवलंय, म्हणजे क्षेत्र ही स्वतंत्र वस्तू आहे, ती ऊर्जा आणि संवेग (मोमेंटम) बाळगते, तिला इथून तिथे जायला वेळ लागतो, आणि एका टोकाला हा सगळा सिद्धांत स्वतःच अडखळतो, त्याच्या वाट्याला सत्राचे शेवटचे दोन-तीन आठवडे येतात. तेही आले तर.

तारेचंच घ्या. हीटरमध्ये असते तशी एक तार, लांबी १ मीटर, जाडी १ मिलिमीटर. तिच्यातून ५ अँपिअर धारा जातेय आणि तिच्या दोन टोकांमध्ये ७ व्होल्टचा फरक आहे. म्हणजे तार ३५ वॅटने तापते. ही ऊर्जा तारेत कुठून येते? शंभरातले नव्वद जण म्हणतील, इलेक्ट्रॉन ती तारेच्या आतून वाहून आणतात. पण ते इलेक्ट्रॉन एका सेकंदात मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत. आता क्षेत्रांकडे बघू. तारेच्या पृष्ठभागावर विद्युत क्षेत्र तारेच्या लांबीच्या दिशेने आहे, मीटरला ७ व्होल्ट. चुंबकीय क्षेत्र तारेला वेढून आहे, सुमारे २ मिलिटेस्ला. जॉन पॉयंटिंग यांनी १८८४ मध्ये दाखवून दिलं, की या दोहोंचा सदिश गुणाकार, एका ठरलेल्या स्थिरांकाने भागून, ऊर्जेचा ओघ सांगतो. तो काढला तर ओघाची दिशा तारेच्या लांबीला धरून येत नाही. बाण सगळ्या बाजूंनी तारेच्या पोटात शिरतात. ओघाचं मान येतं दर चौरस मीटरला सुमारे ११,१४० वॅट. तारेच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सुमारे ०.००३१४ चौरस मीटर. गुणा: ३५ वॅट. पै न् पै जुळते. तारेला तापवणारी ऊर्जा तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून येते.

हे गणित चार ओळींचं आहे. शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं मूलही गुणाकार करू शकेल. पण ते खरं मानायला पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही आठवडा लागतो, आणि लागायलाच हवा. बॅटरीपाशी बाण कुठे जातात? तार वाकवली तर? ऊर्जेला वळायचं कुठे हे कळतं कसं? (तारेच्या पृष्ठभागावर साठलेल्या प्रभारांमुळे, आणि हा पृष्ठप्रभार पदवीच्या वर्गात बहुधा कुणी दाखवलेलाच नसतो.) इथे डोकं खाजवणं म्हणजे विद्युतगतिकीचा अभ्यास.

आपल्या भाषेतही इथे एक अडचण आहे. 'क्षेत्र' म्हटलं की डोळ्यांपुढे जागा येते: शेत, आवार, प्रदेश. विद्युत क्षेत्र म्हणजे जिथे प्रभारावर बल लागतं ती जागा, अशी समजूत त्यातून सहज होते आणि ती पुढे वर्षानुवर्षं टिकते. वर्गात मी दुसऱ्याच तासाला सांगतो, की हा शब्द वापरू, पण जागा हा अर्थ पुसून टाका.

क्षेत्र ही वस्तूच आहे याचा याहून कडक पुरावा हवा असेल तर दोन प्रभार घ्या. एक क्ष-अक्षावरून मूळबिंदूकडे येतोय, दुसरा य-अक्षावरून. त्यांची एकमेकांवरची चुंबकीय बलं काढा. ती समान येतात, पण विरुद्ध दिशेची येत नाहीत, एकमेकींना काटकोनात येतात. म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम मोडला, आणि त्याच्याबरोबर संवेगाची अक्षय्यताही बुडाली? ती बुडत नाही, कारण जो संवेग हिशेबात सापडत नाही तो क्षेत्रात आहे. प्रकाशाला दाब असतो हे प्योतर लेबेदेव यांनी १९०१ च्या सुमाराला प्रयोगाने मोजलं. जपानने २०१० मध्ये सोडलेल्या इकारोस या यानाने कर्णात २० मीटरचं पातळ शिड उघडलं, आणि सूर्यप्रकाशाच्या रेट्याने त्याचा वेग बदलताना दिसला. ज्या राशीला आपण कागदावरची सोय समजत होतो, ती शिडाला ढकलते.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते पोकळ नाही, म्हणून नीट ऐकायला हवं.

पहिला आक्षेप असा, की हात बसल्याशिवाय डोकं चालत नाही. गोलीय हार्मोनिक्स (गोळ्याच्या पृष्ठभागावरचे चढउतार मांडणारी सूत्रं) विद्युतगतिकीत शिकलेली असतात म्हणून हायड्रोजनचा अणू समजतो. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा नकाशा वाचायलाही तीच लागतात. ज्याने एकदाही मालिका हाताने मांडली नाही, त्याला संगणकाने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखता येणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्या गोळ्याचं गणित मी काढून टाकणार नाही. ते एक गणित शेवटपर्यंत, सगळे सहगुणक काढून, प्रत्येकाने करावं. माझा प्रश्न त्यानंतरच्या पाचव्या, सातव्या, अकराव्या गणिताबद्दल आहे. गोळ्याच्या जागी दंडगोल, लेजांद्रच्या जागी बेसेल, आणि अर्धं सत्र संपलं. याला आपल्याकडे नमनाला घडाभर तेल म्हणतात.

त्या अकराव्या गणिताऐवजी दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहायला लावा. जागेचे चौकोनी ठोकळे पाडायचे, कडेला दिलेलं विभव ठेवायचं, आणि आतल्या प्रत्येक बिंदूवर त्याच्या सहा शेजाऱ्यांची सरासरी लिहायची. पुन्हा, पुन्हा, आकडे स्थिर होईपर्यंत. ही पळवाट मुळीच नाही. लाप्लासच्या समीकरणाचा अर्थच तो आहे: प्रभार नसलेल्या जागेत कुठल्याही बिंदूचं विभव शेजारपाजारच्या सरासरीइतकं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची गोष्ट न सांगता कळते. जी राशी सगळीकडे शेजाऱ्यांची सरासरी आहे तिला मध्येच कुठे शिखर किंवा दरी असणार नाही. म्हणजे नुसत्या स्थिर विद्युत क्षेत्राने प्रभाराला मोकळ्या जागेत स्थिर धरून ठेवता येणार नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी हे १८४२ मध्ये सिद्ध केलं. मग एकेक आयन (प्रभारित अणू) महिनोन्महिने पकडून ठेवणारे सापळे चालतात कसे? वोल्फगांग पाउल यांनी क्षेत्र स्थिर ठेवलंच नाही, ते सतत आलटून पालटून बदलत ठेवलं, आणि त्या कामाबद्दल त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. दहा ओळींच्या प्रोग्रॅमपासून आयन-सापळ्यापर्यंत एका तासात जाता येतं. बेसेल फलनांच्या शून्यस्थानांच्या तक्त्यापासून इतक्या लांब कुणाला जाता आलेलं मी पाहिलं नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अँटेना, तरंगवाहक, प्रकाशतंतू यांवर काम करणाऱ्यांना क्षेत्राच्या अस्तित्वाची चर्चा कशाला, त्यांना गणितं सोडवता आली पाहिजेत. पण केन यी यांनी १९६६ मध्ये मॅक्सवेलची समीकरणं (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे मूलभूत नियम) जाळीवर मांडून काळाच्या टप्प्याटप्प्याने सोडवायची पद्धत दिली, तेव्हापासून हे काम हळूहळू यंत्राकडे गेलं आहे. आज अँटेनाचा आराखडा करणारी व्यक्ती मालिका मांडत बसत नाही. पडद्यावर आलेलं चित्र शक्य कोटीतलं आहे की नाही, हे ठरवणं तिच्या हातात उरलंय. त्यासाठी लागतो तो मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न: लांब गेल्यावर काय होतं, आणि का?

तिसरा आक्षेप उघडपणे क्वचित बोलला जातो. हा पेपर चाळणी आहे. जो टिकेल तो पुढे संशोधनात टिकेल. याच्याशी मी अजिबात सहमत नाही. वीसेक वर्षं वर्गात उभं राहून मी जे पाहिलं, त्यात या चाळणीतून खाली पडणारे पुष्कळदा तेच असतात जे तिसऱ्या पानावर थांबून 'पण हे असं का' विचारतात आणि म्हणून नवव्या पानापर्यंत वेळेत पोचत नाहीत. त्यांना आपण मंद ठरवतो. पुढे संशोधनात मात्र तिसऱ्या पानावर थांबणारी माणसंच लागतात.

मांडणी बदलल्याने विषय उथळ होतो, ही भीती तर या विषयाच्या इतिहासाला धरूनही नाही. मॅक्सवेल यांनी १८६५ च्या निबंधात वीस समीकरणं लिहिली होती. ऑलिव्हर हेविसाइड, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तारायंत्राच्या नोकरीतून बाहेर पडलेला माणूस, घरी बसून ती चारांवर घेऊन आला. १८८५ च्या सुमाराची ही गोष्ट. आज जगभर 'मॅक्सवेलची समीकरणं' म्हणून शिकवली जातात ती ही हेविसाइड यांची मांडणी. चतुर्मितीत, म्हणजे अवकाश आणि काळ एकत्र धरून, लिहिली की ती दोनच उरतात. प्रत्येक वेळी पसारा कमी झाला आणि दृष्टी लांब पोचली. वीस समीकरणं सोडवण्यात मुरलेल्या एखाद्याला तेव्हा वाटलंही असेल, की ही पोरं आता फार सुखात शिकतायत.

एककांच्या वादावर मी वेळ घालवणार नाही. गाउसची पद्धत की एसआय, कुठलीही एक घ्या आणि सत्रभर तीच ठेवा. ४π कुठे येतो यावर गुण कापणं थांबवा, इतकंच.

प्रारणाला, म्हणजे प्रभारापासून सुटून दूर जाणाऱ्या लहरींना, मात्र वेळ द्यायलाच हवा, कारण विलंबाची कल्पना तिथे पहिल्यांदा अंगाला भिडते. आल्फ्रेद-मारी लिएनार यांनी १८९८ मध्ये आणि एमिल वीखर्ट यांनी १९०० मध्ये धावत्या प्रभाराचं विभव लिहिलं. त्यात प्रभार आता कुठे आहे याला महत्त्व नाही, प्रकाश निघाला तेव्हा तो कुठे होता याला आहे. त्यावरून त्वरणित, म्हणजे वेग बदलणाऱ्या, प्रभाराचं प्रारण निघतं, आणि ते सूत्र काय करू शकतं हे सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या एका बोगद्यात दिसतं. परीघ २७ किलोमीटर. २००० पर्यंत तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन प्रभाराचे प्रतिकण) फिरत होते, ऊर्जा १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी वर. वर्तुळात वळताना एका फेरीत एक इलेक्ट्रॉन सुमारे ३ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रारणात घालवून बसत असे. आज त्याच बोगद्यात प्रोटॉन फिरतात. ७ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनची एका फेरीतली घट जेमतेम ७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. सत्तरपट ऊर्जा, आणि घट लाखोपट कमी. कारण समान ऊर्जेला ही घट वस्तुमानाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जाते, प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, आणि १८३६ चा चौथा घात म्हणजे सुमारे ११ लाख कोटी. हा चौथा घात कुठून आला हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावं. त्यात एक पूर्ण आठवडा गेला तरी सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

आणि शेवटी सिद्धांताची कड. त्वरणित प्रभार ऊर्जा गमावतो, तर ती गमावताना त्याच्यावर उलटं बल लागलंच पाहिजे. ते काढायला गेलं की त्वरणाच्या बदलाच्या प्रमाणातलं एक बल मिळतं, आब्राहम आणि लोरेन्त्स यांच्या नावाचं. त्या समीकरणाची एक उकल सांगते, की बाहेरून काहीही बल नसताना इलेक्ट्रॉन आपणहून भरधाव सुटेल. ती उकल टाळायला जावं तर दुसरी म्हणते, बल लागायच्या सुमारे १०⁻²³ सेकंद आधीच इलेक्ट्रॉन हलू लागेल. डिरॅक यांनी १९३८ मध्ये सापेक्षतेत बसवून हे नीट मांडलं, तरी रोग तसाच राहिला. अभिजात, म्हणजे पुंजयांत्रिकीच्या (क्वांटमच्या) आधीचा, सिद्धांत स्वतःच सांगतो, की इथून पुढे माझ्यावर विसंबू नका. तिथवर पोचायच्या कितीतरी आधीच पुंजयांत्रिकीची हद्द सुरू झालेली असते. हा जुना कोळसा उगाळणं नाही. तीव्र लेझर झोताला भिडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर या प्रतिक्रिया-बलाच्या खुणा दिसल्याचे प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६२ पासून ज्या ग्रंथाच्या आधाराने हा विषय जगभर शिकवला जातो, त्या जॅक्सन यांच्या ग्रंथात हे प्रकरण अगदी शेवटचं आहे. त्यात त्यांची चूक नाही. पण वर्ग तिथवर पोचत नाही, आणि विद्यार्थी पदवी घेऊन जातो ती मॅक्सवेलची समीकरणं म्हणजे पूर्णविराम, अशी समजूत घेऊन.

अभ्यासक्रम बदलायचा तर परीक्षा आधी बदलावी लागेल, कारण विद्यार्थी परीक्षेसाठी शिकतात आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीन तासांत पाच गणितं, हा साचा पाठांतरालाच बक्षीस देतो. मी एक गणित वर्गात ठेवीन, एक घरी आठवडाभर करायला देईन, आणि वीस मिनिटं प्रत्येकाशी समोरासमोर बोलेन. मोठ्या वर्गात हे जमत नाही असं सांगितलं जातं. उत्तरपत्रिका तपासायला जितके तास जातात तितक्याच तासांत ते जमतं. मी मोजून पाहिलं आहे.

घरी द्यायचं गणित म्हणून मला रिचर्ड फाइनमन यांची चकती फार आवडते. मोकळी फिरू शकणारी प्लास्टिकची चकती, मधोमध धारा वाहणारं वेटोळं, कडेला प्रभारित धातूचे गोळे. चकती स्तब्ध आहे. बाहेरून कुणी हात न लावता धारा थांबते. चुंबकीय क्षेत्र ओसरताना वर्तुळाकार विद्युत क्षेत्र निर्माण होतं, ते गोळ्यांना ढकलतं, आणि चकती फिरू लागते. तिचा कोनीय (फिरण्याचा) संवेग आला कुठून?

नऊ पानं घेऊन आलेल्या त्याच विद्यार्थ्याला मी हे दिलं. चार दिवसांनी तो दीड पान घेऊन आला. धारा चालू असतानाच्या क्षेत्रातला कोनीय संवेग त्याने काढला होता आणि तो फिरत्या चकतीच्या संवेगाशी जुळत होता. कागद माझ्या हातात दिला, पण तो बसला नाही.

"सर, हिशेब जुळतोय. पण चकती थांबलेली होती तेव्हा मग फिरत काय होतं?"

मी खडू त्याच्यापुढे केला. त्याने फळ्यावर आधी चकती काढली, मग कडेचे गोळे, मग वेटोळं. त्यानंतर बराच वेळ तो नुसता बघत राहिला, आणि मग चकतीभोवतीच्या रिकाम्या जागेत त्याने ऊर्जेच्या ओघाचे बाण काढायला सुरुवात केली, एकामागून एक, सगळे एकाच दिशेने वळत जाणारे.